शेवटून पहिले

शर्यतीत शेवटचा नंबर यावा, ही आमच्या घराण्याची जुनी परंपरा आहे. आमचे वडील शाळेत असताना तीन पायांच्या शर्यतीत उतरले होते. शिट्टी वाजताच ते आणि त्यांचा जोडीदार दोन वेगवेगळ्या दिशांना पळाले. मी स्वतः लिंबू-चमच्याच्या शर्यतीत पडलेलं लिंबू शोधण्यात इतका वेळ घालवला, की रेषेपाशी पोचलो तेव्हा मैदानावर बक्षीस समारंभाच्या खुर्च्या मांडणं चालू होतं. एका मास्तरांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "आलास? बरं झालं. तो बाक धर जरा." पुढे नोकरी लागली तीही हिशेबतपासनिसाची. या धंद्यात पळावं लागत नाही. दुसरे पळून दमले, की मागून सावकाश जायचं आणि त्यांच्या चुका काढायच्या.

त्यामुळे डिसेंबरात आमची नात स्केटिंगच्या शर्यतीत शेवटची आली, तेव्हा मला मनातून रक्ताची ओळख पटल्यासारखं झालं. पण तिला परंपरेचा अभिमान नव्हता. वय वर्षं नऊ. घरी आली, चाकांचे बूट कोपऱ्यात टाकले, गुडघ्यांच्या ढाली सोफ्याखाली सारल्या आणि जाहीर केलं, "मी उद्यापासून जाणार नाही."

"का गं?"

"सगळे हसले. मी पोचले तेव्हा पुढच्या गटातल्या मुली उभ्यासुद्धा राहिल्या होत्या."

यावर आमचे चिरंजीव लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मग सोड ना. नाहीतरी आता अभ्यास वाढणारच आहे."

वाक्य साधंच. पण माझ्या हातातला कप बशीवर वाजला. कारण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. ते माझंच होतं.

फेब्रुवारी १९८८. हेच चिरंजीव तेव्हा चौथीत होते. शाळेच्या मैदानावर चारशे मीटर पळून शेवटचे आले होते आणि रात्री जेवताना ती हकिकत सांगत होते. मी ताटाशी पेपर वाचत होतो. (या सवयीवरून आमच्या घरात रोज एक चकमक होई, हिने पेपर बंद करण्याची धमकी दिली होती.) कॅनडातल्या कॅलगरी गावी हिवाळी ऑलिंपिक चालू होतं. इंग्लंडचा कुणी एक चष्मेवाला बर्फावरच्या उड्यांच्या स्पर्धेत शेवटचा आला आणि तरी लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचताहेत, अशी बातमी होती. मी ती मोठ्यांदा वाचली, पोटभर हसलो आणि मुलाला म्हणालो, "शेवटचा येऊन पेपरात नाव हवं असेल, तर इंग्लंडात जन्म घ्यावा लागतो. तू आपला स्कॉलरशिपचा अभ्यास कर."

तो पुन्हा मैदानावर गेला नाही. स्कॉलरशिप मिळाली. ती महिना किती रुपयांची होती, ते आता मला आठवत नाही. हिशेबतपासनिसाला रक्कम आठवू नये, यातच सगळं आलं.

चूक सापडली की ती कुणाची का असेना, दुरुस्त करायची, हा आमच्या खात्याचा नियम. दुसऱ्या दिवशी मी साडेआठ वाजता टीव्हीचा ताबा मागितला. आमच्या घरात ही राज्यक्रांतीच. साडेआठ ते नऊ टीव्हीवर हिचं राज्य असतं. तिच्या मालिकेत गेले चार महिने एकच लग्न लागत आहे. मी म्हटलं, "एक आठवडा दे. रोज रात्री एक शेवटचा माणूस दाखवतो." ही म्हणाली, "रोज तोच तर बघते आहे." पण परवानगी दिली. मोबाइलातली जुनी चित्रं टीव्हीवर आणायचं काम नातीने घेतलं. रुसवा होता, पण आजोबांना हे येत नाही हे सिद्ध करायची संधी तिला सोडवेना.

आमच्या घराचा बर्फाशी संबंध तसा बेताचा. एक फ्रिजमधला, जो ही रविवारी उलथन्याने खरवडते. आणि दुसरा गाडीवरच्या गोळ्याचा, जो खाल्ला की मला तीन दिवस ताप येतो. पुण्यात पारा दहाच्या खाली गेला, की मी कानटोपी, मफलर आणि स्वेटर घालून बाल्कनीत जातो आणि "काय थंडी आहे!" असं म्हणून परत येतो. तेव्हा बर्फावर शेवटचं येणं किती अवघड, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण चुका काढणाऱ्याला अधिकार कोण विचारतो?

पहिल्या रात्री तोच चष्मेवाला आला. मायकेल एडवर्ड्स, जगाचा लाडका 'एडी द ईगल'. चेल्टनहॅमचा, भिंतींना गिलावा करणारा कारागीर. डोंगराएवढ्या घसरगुंडीवरून खाली यायचं आणि टोकाशी स्वतःला हवेत झोकून द्यायचं, असा हा खेळ. या खेळाला माणसं हवीत काटकुळी. हा गडी ८२ किलोंचा. चष्मा जाड, त्यावर गॉगल, आणि ऐन वेळी काचांवर धुकं. पैसे नाहीत म्हणून बूट उसने. ते मोठे होते म्हणून आत मोज्यांचे सहा जोड. फिनलंडमध्ये सरावाला गेला, तेव्हा स्वस्त म्हणून मनोरुग्णांच्या इस्पितळात मुक्काम केला. ऑलिंपिकला निवड झाल्याचं त्याला तिथेच कळलं. मी हे सांगताच ही म्हणाली, "मग डॉक्टरांनी सोडलं कसं?"

१९२८ नंतर ब्रिटनतर्फे या स्पर्धेत उतरलेला तो पहिलाच. कॅलगरीत दोन्ही उतारांवर तो शेवटचा आला, ५८ जणांत ५८वा आणि ५५ जणांत ५५वा. फिनलंडच्या मात्ती निकानेनने दोन्ही सुवर्णपदकं नेली. मोठ्या उतारावर निकानेनची उडी ११८.५ मीटरची, एडीची ७१. पण त्या ७१ मीटरनी ब्रिटनचा विक्रम केला, कारण त्या देशात दुसरं कुणी उडी मारतच नव्हतं! समारोपाच्या भाषणात आयोजकांच्या प्रमुखांनी गरुडासारखी भरारी घेणाऱ्यांचा उल्लेख केला आणि सगळं स्टेडियम एडीच्या नावाने गर्जलं.

"पुढे?" नातीने विचारलं.

पुढे काय व्हायचं तेच झालं. नियम बदलला. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत वरच्या ३० टक्क्यांत किंवा पहिल्या ५० जणांत आल्याशिवाय ऑलिंपिकचं दार उघडणार नाही, असं १९९० साली ठरलं. या नियमाला लोक एडीचंच नाव देतात. त्यानंतर तीनदा प्रयत्न करूनही त्याला पुन्हा ऑलिंपिक गाठता आलं नाही.

न्यायाचं बोलायचं तर नियम करणाऱ्यांचीही बाजू आहे. जन्मभर घाम गाळून दहावा येणाऱ्याकडे कुणी बघत नाही आणि अठ्ठावन्नावा येणाऱ्याच्या मागे कॅमेरे धावतात, हे दहाव्याला कसं रुचावं? शिवाय त्या उतारावर चूक झाली तर हाडं मोडतात. माझ्या चिरंजीवांनी लॅपटॉपमागून हाच मुद्दा मांडला. मी म्हटलं, "बरोबर आहे. पण एडी विनोद करायला गेला नव्हता. लोक हसले, हा लोकांचा हिशेब." बोलून गेलो आणि गप्प झालो. हसणाऱ्या लोकांत मीही होतो.

दुसऱ्या रात्री जमैका. त्याच कॅलगरीत. कॅरिबियन समुद्रातलं बेट, बारा महिने ऊन, आणि यांनी पाठवला बॉबस्लेचा संघ! बॉबस्ले म्हणजे बर्फाच्या पन्हळीतून सुटणारी घसरगाडी. चौघांनी ढकलत पळायचं, चालत्या लोकलमध्ये चढावं तसं आत उड्या मारायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं. जमैकात हातगाड्यांवर बसून उतारावरून सुटण्याच्या शर्यती होत. त्या पाहून दोन अमेरिकनांना ही कल्पना सुचली. धावायला जमैकन, मग राहिलं काय? फक्त बर्फ. संघात सैन्यातले तिघे, आणि चौथा ख्रिस स्टोक्स. तो आपल्या भावाची शर्यत बघायला म्हणून आला होता. एक गडी जायबंदी झाला, तेव्हा यालाच गाडीत बसवलं. लग्नाला आलेल्या पाहुण्याला बोहल्यावर उभं करावं तसं.

तिसऱ्या फेरीत गाडी उलटली. चौघांची डोकी बर्फाच्या भिंतीला घासत खाली आली. आमच्या दिवाणखान्यात कुणी बोललं नाही. मग एकेक जण गाडीखालून बाहेर निघाला, आणि चौघे गाडीशेजारून चालत शेवटच्या रेषेपर्यंत गेले. १९९३ साली यावर 'कूल रनिंग्ज' हा सिनेमा निघाला. त्यात ते गाडी खांद्यावर उचलून नेतात. हिशेबतपासनीस म्हणून नोंद करतो, की प्रत्यक्षात कुणी ती उचलली नव्हती. ते नुसते चालले. मला तेच मोठं वाटतं. आणि १९९४ साली लिलेहामरला त्यांची चौघांची गाडी चौदावी आली. अमेरिकेच्या गाड्या त्यांच्या मागे होत्या.

तिसऱ्या रात्री मी माझ्या लाडक्या माणसाची गोष्ट सांगितली. चित्रं फारशी नव्हती, त्यामुळे ही मध्येच भाजी निवडायला घेऊन बसली. १९२४ साली फ्रान्समध्ये शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं. उड्यांच्या स्पर्धेत अँडर्स हॉगेन नावाचा अमेरिकन चौथा आला. मूळचा नॉर्वेचा, अमेरिकेत जाऊन राहिलेला. तिसरा आला नॉर्वेचा थोरलाइफ हॉग. त्याची तीन सुवर्णपदकं झालीच होती, हे चौथं पदक. सगळे घरी गेले. पुढे पन्नास वर्षांनी कुणीतरी जुने कागद काढून बेरजा तपासल्या, आणि काय! हॉगच्या गुणांची गणितात चूक! तिसरा खरा हॉगेन होता. हॉग तोवर वारला होता. १९७४ साली त्याच्या मुलीने वडिलांचं कांस्यपदक म्हाताऱ्या हॉगेनच्या हाती सुपूर्द केलं.

हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण हिने निवडलेली आणि न निवडलेली मेथी एक केली. पण मला सांगा, अख्ख्या ऑलिंपिकच्या इतिहासात हिशेबतपासणीचा याहून मोठा विजय आहे? पन्नास वर्षांची थकबाकी, आणि एका मुलीने व्याजासकट फेडली!

चौथी रात्र केनियाची. फिलिप बॉइट हा तिथला आठशे मीटरचा धावपटू. विषुववृत्तावरच्या देशातला हा माणूस. त्याने बर्फ पहिल्यांदा पाहिला तो १९९६ साली फिनलंडमध्ये, आणि १९९८ साली जपानमधल्या नागानोला तो दहा किलोमीटर स्कीइंगच्या शर्यतीत उभा होता. पहिला आला नॉर्वेचा ब्योर्न डेली, या खेळातला सम्राट. त्याची ऑलिंपिक सुवर्णपदकं अखेर आठ झाली. डेलीला साडेसत्तावीस मिनिटं लागली. बॉइटला सत्तेचाळीस. ब्याण्णवा, म्हणजे शेवटचा.

आता पाहा. शर्यत संपलेली, पदक देणारे खोळंबलेले, सम्राट घामेजलेला. पण डेली जागचा हलेना. तो रेषेपाशी वीस मिनिटं थांबून राहिला. बॉइट ठेचकाळत, धडपडत आला, आणि डेलीने पुढे होऊन त्याला मिठी मारली. बॉइटने पुढे आपल्या एका मुलाचं नावच डेली ठेवलं.

चित्र संपलं. नात सोफ्यावर पुढे सरकून बसली होती. "आजोबा, तो थांबला कशाला? त्याचा तर नंबर आला होता."

मला उत्तर सुचेना. उत्तर चिरंजीवांनी दिलं. लॅपटॉप केव्हा मिटला होता, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. तो म्हणाला, "शेवटी येणाऱ्याला ती रेष फार लांब दिसते गं. तिथे कुणी उभं असलं, तर जवळ वाटते." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "बाबा, त्या वर्षी तुम्ही मैदानावर आला नव्हता ना?"

"नाही रे. मार्च एंड जवळ आला होता."

"हो. मला वाटलंच."

बस्स, एवढंच. आमच्याकडे भांडणं कर्कश होतात आणि महत्त्वाची बोलणी दोन वाक्यांत संपतात.

पाचवी रात्र आपल्या माणसांची. हिवाळी ऑलिंपिकात भारताचं नाव प्रथम लागलं १९६४ साली, इन्सब्रुकला. स्कीइंगमध्ये जेरेमी बुजाकोव्स्की. नाव ऐकून ही म्हणाली, "हे कोणत्या बाजूचे?" म्हटलं, "जन्म पोलंडचा, झेंडा आपला." मग कॅलगरीला शैलजा कुमार, हिवाळी ऑलिंपिकात उतरलेली पहिली भारतीय स्त्री. स्लॅलम शर्यतीत ती अठ्ठाविसावी, शेवटची आली. पण त्या उतारावर कितीतरी जणींना शर्यत पुरीच करता आली नव्हती. ती रेषेपर्यंत पोचली. म्हणजे ज्या दिवसांत मी ताटाशी बसून एडीला हसत होतो, त्याच दिवसांत, त्याच गावी, आपली एक मुलगी जिद्दीने शेवटची येत होती, आणि मला पत्ता नव्हता.

आणि मग शिवा केशवन. वडील केरळचे, आई इटलीची, घर मनालीजवळ. ल्यूज म्हणजे एका चिंचोळ्या घसरपट्टीवर उताणं झोपायचं, पाय पुढे करायचे आणि ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या वेगाने सुटायचं. १९९८ साली नागानोला तो अठ्ठाविसावा आला. वय अवघं सोळा. तिथून २०१८ पर्यंत सलग सहा ऑलिंपिकं. पदक एकही नाही. २०१४ साली सोचीला तर भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती, म्हणून तो देशाच्या झेंड्याविनाच उतरला. निलंबन उठलं ते त्याची शर्यत झाल्यावर. पण २०११ साली आशियाई स्पर्धेत, त्याच नागानोच्या बर्फावर, त्याने सुवर्णपदक मिळवलं. सोळाव्या वर्षी जिथे घसरला, तिथेच तेरा वर्षांनी पहिला.

सराव कुठे करायचा? देशात तसा उतार नाही. मग त्याने घसरपट्टीला चाकं लावली आणि हिमालयातल्या घाटरस्त्यावर, ट्रक-मोटारींच्या बाजूने, मेंढरांच्या कळपातून वाट काढत तो सुटला. टीव्हीवर ते चित्र आलं आणि नात उभीच राहिली.

"आजोबा! त्याला चाकं आहेत! माझ्यासारखी!"

ती उठली. सोफ्याखाली हात घालून एक ढाल काढली. दुसरी सापडेना, म्हणून मी आडवा होऊन झाडूने शोधली. लिंबू शोधण्याचा अनुभव असा उपयोगी पडला.

शेवटच्या रात्री ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी. २००२, सॉल्ट लेक सिटी. एक हजार मीटर बर्फावरचं स्केटिंग, अंतिम फेरी, पाच जण. हा सगळ्यांत मागे, बराच मागे. शेवटचं वळण आलं. पुढचे चौघे एकमेकांना लागून धडाधड आडवे झाले. ब्रॅडबरी मागून शांतपणे आला आणि रेष ओलांडून गेला. सुवर्णपदक! हिवाळी ऑलिंपिकातलं दक्षिण गोलार्धातलं पहिलं सुवर्ण.

नात टाळ्या पिटत होती, पण ही म्हणाली, "यात मोठेपणा कसला? बाकीचे पडले म्हणून हा पहिला."

मग मी तिला वजाबाजू वाचून दाखवली. १९९४ साली दुसऱ्याच्या स्केटचं पातं मांडीत घुसलं. चार लिटर रक्त गेलं, १११ टाके पडले. २००० साली मान मोडली. वेग गेला होता, हे त्याला ठाऊक होतं. पुढचे धक्काबुक्की करणार, आपण मागे राहून पायावर उभं राहायचं, हाच त्याचा बेत होता. पदक आपण त्या दीड मिनिटासाठी नव्हे, आधीच्या दहा वर्षांसाठी घेतलं, असं तो नंतर म्हणाला. ही थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एकशे अकरा? मग एक पदक कमीच झालं."

फेब्रुवारीत नातीची पुन्हा शर्यत होती. पुण्यातलं सकाळचं ऊन, सिमेंटचा रिंक, पालकांची झुंबड. चिरंजीवांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. तो प्रेक्षकांत बसला नाही. रेषेपलीकडे जाऊन उभा राहिला, हातात घड्याळ.

काय निकाल लागला? परंपरा राखली गेली. शेवटची. पण ती पडली, उठली आणि पुरी करून आली. बाप रेषेवरून हलला नाही. पुढच्या गटाचे पंच "बाजूला व्हा" म्हणून ओरडत होते. तो म्हणाला, "एक मिनिट. आमची येते आहे." ती आली ती थेट त्याच्या पोटावर आदळली, दोघेही खाली बसले आणि हसत सुटले. या वेळी हसणारे आम्हीच होतो.

"मागच्यापेक्षा सहा सेकंद कमी," त्याने घड्याळ दाखवलं.

घरी येताना, गाडी चालवता चालवता, तो सहज बोलल्यासारखं म्हणाला, "मला चारशे मीटरला एक मिनिट बेचाळीस सेकंद लागले होते. पीटीच्या सरांनी सांगितलं होतं."

मी खिडकीतून बाहेर पाहत राहिलो. स्कॉलरशिपची रक्कम आम्हां दोघांनाही आठवत नाही. पण हा आकडा त्याने इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि तो विचारणारं कुणी नव्हतं.

घरी आल्यावर मी माझी जुनी वही काढली. १९८८ सालच्या पानावर, दूध आणि वाण्याच्या मध्ये, थोडी जागा होती. तिथे लाल शाईने लिहिलं: 'चि. – चारशे मीटर – १ मि. ४२ से. – नोंद राहून गेली होती, ती आज घेतली.' खाली सही केली, तारीख घातली.

अँडर्स हॉगेनला पन्नास वर्षं लागली. त्या मानाने आमच्या खात्याचं काम जलदच म्हणायचं.